आधी पाय टेकू द्या

माझ्या नवऱ्याच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट ओढून पाहिल्याशिवाय धरली नाही, आणि पाय टेकल्याची खात्री झाल्याशिवाय सोडली नाही. यात ट्रेलर आले, गॅसचा रेग्युलेटर आला, पाहुणे आले आणि एका लग्नातली नवरा-नवरीची गाठसुद्धा आली. त्या गाठीचं आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. माझ्या नणंदेचं लग्न होतं. गुरुजींनी उपरण्याची आणि शेल्याची गाठ मारली आणि जोडप्याला उठायला सांगितलं. तेवढ्यात मामा पुढे झाले. "लागली का?" गुरुजी म्हणाले, "लागली हो." "पाहिलीत, की नुसती मारलीत?" गुरुजींना हा प्रश्न त्यांच्या उभ्या कारकिर्दीत कोणी विचारला नसावा. ते उत्तर शोधत होते तोवर मामांनी उपरणं धरून एक हिसका दिला. सकाळपासून उपाशी असलेला नवरा मुलगा एक पाऊल मागे आला आणि गाठ सुटून उपरणं मामांच्या हातात राहिलं. "बघा," मामा म्हणाले. गुरुजींनी दुसरी गाठ मारली ती अशी, की संध्याकाळी सोडवताना आम्हाला कात्री आणावी लागली. त्या दोघांचं आज उत्तम चाललं आहे, आणि मामा त्याचं श्रेय पत्रिकेला देत नाहीत.

मामांची ही सवय धंद्यातून आली होती. अर्धं आयुष्य त्यांनी कंटेनरचे ट्रेलर चालवले आणि उरलेल्यात, फुरसुंगीच्या पुढे आमच्या यार्डात, दुसऱ्यांच्या ट्रेलरांवर देखरेख केली. आमच्या म्हणजे मालकांच्या; मी तिथलं ऑफिस सांभाळते. ज्यांनी ट्रेलर फक्त ओव्हरटेक केला आहे त्यांच्यासाठी सांगते. त्याचे दोन भाग असतात. पुढचा इंजिन आणि केबिनवाला, त्याला सगळे घोडा म्हणतात. मागचा लांबलचक ट्रेलर, ज्यावर माल असतो. घोडा एक ट्रेलर यार्डात सोडतो, दुसरा जोडतो आणि निघतो. घोड्याच्या पाठीवर एक मोठी लोखंडी ताटली असते, तिच्यात एक जबडा असतो, आणि ट्रेलरच्या पोटाखाली एक जाड पिन असते. घोडा मागे मागे येत ट्रेलरच्या खाली शिरला की जबडा पिन पकडतो आणि खाडकन आवाज होतो. जगातल्या बहुतेक ड्रायव्हरांच्या दृष्टीने काम इथे संपतं. मामांच्या दृष्टीने इथे सुरू होतं.

"लागला," असं ड्रायव्हरने केबिनमधून ओरडून सांगितलं की मामांचा ठरलेला प्रश्न यायचा, "पाहिलंस की ऐकलंस?" ऐकणाऱ्यांची त्यांना चीड होती. त्यांचं म्हणणं, जबडा खोटा आवाज करतो, तो अडाणी आहे, त्याला काय कळतं. म्हणून आधी ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढायचा, सुटतो का पाहायला. मग खाली उतरायचं. मग वाकायचं, नुसतं वाकायचं नाही, गुडघा टेकून टॉर्च मारायचा, आणि जबडा पिनेच्या मागून पुरता मिटला आहे, ताटली आणि ट्रेलर यांच्यात उजेड दिसत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. मगच ट्रेलरचे पुढचे दोन लोखंडी पाय, ज्यांवर तो घोड्याशिवाय उभा असतो, वर घ्यायचे. पाय शेवटी. पाहण्याआधी ज्याने पाय वर घेतले तो ड्रायव्हर मामांच्या मते माणूस म्हणून वाईट नसेल, पण त्याच्या हाती आपला ट्रेलर द्यायचा नाही आणि आपली मुलगीही द्यायची नाही. मामांना मुलगी नव्हती. तरीही हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की काही ड्रायव्हर तिची चौकशी करायचे.

सोडण्याचं शास्त्र याहून कडक होतं. जमीन सपाट आणि टणक हवी. चाकांना ठोकळे हवेत. मग पाय खाली, पायांखाली फळ्या, मग हवेचे पाइप आणि वायर काढायची, मग जबडा उघडायचा. एवढं झालं तरी घोडा एकदम बाहेर काढायचा नाही. ताटली पिनेपासून सुटेल एवढाच पुढे घ्यायचा आणि थांबायचं, म्हणजे घोड्याची चेसिस अजून ट्रेलरच्या नाकाखाली असते. पाय खचलेच, तर ट्रेलर चेसिसवर टेकेल, तोंडावर आपटणार नाही. उतरून बघायचं. पाय धरले, असं दिसलं की मगच निघायचं. "सोडून जायचं तर खालून जायचं," मामा म्हणत, "वाऱ्यावर नाही."

हे सगळं मी अतिशय नीट क्रमाने लिहून, छापून, प्लॅस्टिकचं आवरण घालून यार्डात लावलं होतं. मला यादीशिवाय काम सुचत नाही. माझ्या घरी फ्रिजवरही यादी असते आणि यादीच्या वर कोणत्या याद्या आहेत त्याची यादी असते. मामांनी चष्मा लावून माझा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. घरी ते मला 'अगं' म्हणत, पण यार्डात पाऊल टाकलं की मी 'मॅडम' व्हायची आणि 'तुम्ही' व्हायची. "छान आहे मॅडम," ते म्हणाले. "भिंतीलाच राहू द्या. भिंत कधी चुकणार नाही." मी म्हटलं, "मामा, तुमच्यानंतर लोकांनी कशावरून करायचं?" ते म्हणाले, "माझ्यानंतरचं माझ्यानंतर. तुम्ही आत्ताच्या माणसाला वाकायला लावा." त्यावर मी यादीत 'वाकणे' असा मुद्दा घातला. त्यांनी तोही वाचला आणि वाकण्याच्या आधी 'गुडघा टेकून' असं पेनने लिहिलं. प्लॅस्टिकवर पेन उमटत नाही म्हणून तीनदा गिरवलं.

त्यांचा आणखी एक नियम यादीत घालण्यासारखा नव्हता. काम चालू असताना मध्ये कोणी बोललं, तर ते पहिल्यापासून सुरू करायचे. बोलणं किती महत्त्वाचं होतं याचा संबंध नाही. मालक स्वतः एकदा 'काय मामा, बरंय ना' म्हणत जवळ आले, तर मामांनी लावलेला ठोकळा काढला, परत लावला आणि मालकांकडे असं पाहिलं, की ते आपल्याच यार्डातून दबक्या पावलांनी परत गेले. घरी याचा त्रास मामींना होता. ते कसबा पेठेत राहतात, दोन खोल्यांत. सिलिंडर बदलायला मामा बसले की गल्लीतल्या बायकांना माहीत असायचं, की आता मामींना हाक मारायची नाही. एकदा मामींनीच विसरून विचारलं, "चहा ठेवू का झाल्यावर?" मामांनी बसवलेला रेग्युलेटर काढला. मग वॉशर पाहिला, बसवला, ओढला, खाली वाकून पाहिला, साबणाचं पाणी लावून पाहिलं. शेवटी म्हणाले, "आता विचार." मामी म्हणाल्या, "आता जेवायलाच वाढते."

मामी मात्र त्यांना पुरून उरल्या होत्या. 'पाहिलंस की ऐकलंस' हे त्यांनी उचललं आणि गल्लीत वापरायला काढलं. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या मुलाने नोकरी सोडली, असं काही सांगायला कोणी आली की मामी शांतपणे विचारायच्या, "पाहिलंत की ऐकलंत?" त्यांच्या दारात येणाऱ्या बातम्या हळूहळू बंद झाल्या. मामी म्हणतात ते शांततेच्या दृष्टीने चांगलं झालं, पण करमणुकीच्या दृष्टीने नाही.

मामांच्या पिशवीत नेहमी दोन वस्तू असायच्या. एक छोटी सागवानी फळी. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं म्हणून ती स्कूटरच्या स्टँडखाली ठेवायची. स्वतःच्या आणि शेजारी लागलेल्या दिसेल त्या स्कूटरच्याही. बुधवार पेठेत एका दुकानदाराने त्यांना आपल्या गाडीखाली वाकलेलं पाहिलं आणि 'काय काढताय हो?' म्हणून आरडाओरडा केला. "काढत नाही, ठेवतोय," मामा म्हणाले आणि फळी ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते ती परत न्यायला गेले, तेव्हा दुकानदाराने ती धुऊन ठेवली होती. दुसरी वस्तू म्हणजे गोणपाटाचा तुकडा, गुडघ्याखाली घ्यायचा. तो कायम ओला, तेलकट, मातीने भरलेला असायचा, आणि मामी तो घरात येऊ द्यायच्या नाहीत. त्याची जागा दाराबाहेरच्या खिळ्यावर.

मामांचं सगळं शास्त्र या गोणपाटावर उभं होतं, किंवा टेकलेलं होतं म्हणू. त्यामुळे मागच्या पावसाळ्यात एकदा त्यांच्याकडे गेले आणि खिळ्यावरचा गोणपाट कोरडा, स्वच्छ, घडी न मोडलेला दिसला, तेव्हा मी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "पाहिलंस ना? मग आता ऐक. संडासातून उठताना कडीला धरतात. डॉक्टर म्हणतात दोन्ही गुडघे बदला. हे म्हणतात, डॉक्टरांनी ते बसवल्यावर ओढून दाखवले पाहिजेत." मला हसू आलं, पण मामी हसत नव्हत्या. "गुडघ्यांचं ऑपरेशन मी करून घेईन गं," त्या म्हणाल्या. "पण यार्डात वाकता येत नाही हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. वाकल्यासारखं करतात म्हणे. तू तिथे असतेस. एखाद्या दिवशी न पाहता हात वर केला आणि पुढे कोणाचं काही झालं, तर हा माणूस जिवंत राहील का?"

प्रश्न असा होता. हात वर करणं म्हणजे मामांची परवानगी. त्यांचा हात वर गेल्याशिवाय आमच्या यार्डातून ट्रेलर हलत नसे, आणि तो हात गेल्या कित्येक आठवड्यांत कशाच्या आधारावर वर जात होता हे आता मला माहीत होतं. मी मालकांशी बोलले. मालक चांगले आहेत, त्यांनी लगेच एक खुर्ची आणवली, गादीवाली, आणि मामांना म्हणाले, "तुम्ही बसून बघा, मामा. वाकायला पोरं आहेत." मामांनी खुर्चीचे चारही पाय हलवून पाहिले. "मजबूत आहे," ते म्हणाले. "पण खुर्चीवरून ऐकू येतं साहेब, दिसत नाही." खुर्चीवर नंतर वॉचमन बसू लागला.

आमच्याकडे अमरावतीकडचा एक ड्रायव्हर होता. चाळिशीचा, बोलका, आणि म्हणून मामांच्या दृष्टीने संकट. तो सतत बोलायचा, त्यामुळे त्याचा ट्रेलर जोडायला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. मामा त्याला नावाने हाक मारत नसत. "ए अमरावती, तोंड आणि जबडा दोन्ही मीट," एवढंच. तो म्हणायचा, "मामा, काऊन रागावता जी? मी तं चांगलंच बोलून राह्यलो." वर्षभर त्याने मामांची बोलणी खाल्ली होती आणि प्रत्येक बोलण्यानंतर गुडघा टेकला होता.

त्या दिवशी त्याचाच ट्रेलर होता. रिकामा. आदल्या पाळीत कोणीतरी तो सोडताना पाय गरजेपेक्षा जास्त खाली सोडले होते, त्यामुळे ट्रेलरचं नाक वर होतं. अमरावती घोडा मागे घेऊन खाली शिरला. खाडकन आवाज झाला. त्याने ओढून पाहिलं, ट्रेलर हलला नाही. मामा बाजूला उभे होते. त्यांनी गोणपाट अंथरला, एक हात मडगार्डवर ठेवला, थोडे झुकले, थोडा वेळ तसेच राहिले, आणि सरळ होऊन हात वर केला. हे मी खिडकीतून पाहिलं, ऐकलेलं नाही.

हात वर गेला की पाय वर घ्यायचे आणि निघायचं. अमरावती खाली उतरला, पाय वर घ्यायचा दांडा हातात घेतला, आणि मग तो दांडा ठेवून मामांच्या गोणपाटावर गुडघा टेकून बसला आणि टॉर्च मारला. हात वर गेल्यावर असं कोणी करत नसे. तो खालूनच म्हणाला, "मामा, हे नाई बसलं जी. वरच्यावर अटकलं. उजेड दिसून राह्यला."

पिन जबड्यात गेलीच नव्हती. त्याच्या काठावर अडकून बसली होती. हलक्या ओढण्याला पुरली, रस्त्यावरच्या पहिल्या मोठ्या खड्ड्याला पुरली नसती. सासवड रस्त्यावर खड्डा शोधावा लागत नाही. पाय अजून खाली होते म्हणून काहीच झालं नाही, आणि पाय खाली होते कारण मामांनी वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोक्यात घातलं होतं, की पाय शेवटी.

मामांनी वर गेलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "पहिल्यापासून." घोडा बाहेर काढला, पाय थोडे वर घेऊन नाक खाली आणलं, घोडा परत शिरला, आवाज झाला, ओढून झालं. मामा गोणपाटाजवळ गेले आणि या वेळी खरोखरच वाकू लागले. एक गुडघा अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. वर येईना, खाली जाईना. अमरावतीने धावत येऊन त्यांचा कोपर धरला. "मध्ये बोलू नकोस," मामा म्हणाले. "मी कुठं बोललो जी?" "हात लावणं म्हणजेही बोलणंच." पण त्यांनी कोपर सोडवून घेतला नाही. उभे राहिल्यावर म्हणाले, "तू बघ." त्याने पाहिलं. "बसलं जी." "पाहिलंस?" "पाह्यलं." मामांनी हात वर केला नाही. त्यांनी अमरावतीचा हात मनगटाला धरून वर केला.

मग ते ऑफिसात आले आणि समोरच्या बाकावर बसले. मी गप्प राहिले, कारण त्यांचं काही चालू आहे का ते कळत नव्हतं. "अगं," ते म्हणाले. यार्डात त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. "माझं वाकणं संपलं. उद्यापासून हात त्याचा." मी म्हटलं, "बरं." "पण मी एकदम निघणार नाही," ते म्हणाले. "आधी पाय टेकू दे."

त्यांनी टॉर्च, फळी आणि गोणपाट अमरावतीला दिले. दुसऱ्या दिवसापासून ते यार्डात आले नाहीत. यार्डाच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिच्याजवळच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर येऊन बसू लागले. कसबा पेठेतून दोन बस बदलून. आत या म्हटलं तर येत नसत. अमरावती रोज एकदा फाटकातून ओरडायचा, "मामा, आत या ना जी! बाहेर काऊन बसता?" मामा ओरडायचे, "मी सुटलोय. फक्त खाली आहे." नव्या ड्रायव्हरांना हे वेड वाटायचं. जुन्यांना बरोबर कळलं होतं. तिथून ते काहीही सांगत नसत, एकदाही उठून आत आले नाहीत. फक्त बघायचे. अमरावतीचं तोंड त्या दिवसांत कमी झालं. एकदा तो ठोकळा लावत असताना कोणा ड्रायव्हरने त्याला तंबाखू मागितली, तर त्याने ठोकळा काढला आणि परत लावला. मी मामांकडे पाहिलं. ते चहा पीत होते, म्हणजे कप तोंडाला होता.

मामींनी इकडे ऑपरेशनची वेळ ठरवून टाकली होती. त्यांचा निरोप माझ्याकडे आला: "म्हणावं, तिथे दुसऱ्याचे पाय टेकवून झाले असतील, तर आता स्वतःचे घेऊन या."

एका शुक्रवारी संध्याकाळच्या सुमारास मामा ठोकळ्यावरून उठले. मी टपरीवर ऑफिसचं बिल द्यायला गेले होते. "धरले पाय," ते यार्डाकडे बघत म्हणाले. "निघतो मी आता." मग त्यांचं निघणं सुरू झालं, त्यालाही क्रम होता: चष्मा खिशात, खिसा चाचपायचा, पिशवी खांद्याला, पट्टा ओढून पाहायचा, चपलेचा अंगठा दाबून पाहायचा, बसलो होतो तिथे मागे काही राहिलं का ते पाहायचं. बस समोरच्या वळणावर दिसत होती. मामा शेवटचं मागे वळून पाहत होते, तेही झालंच असतं, तेवढ्यात मी म्हटलं, "मामा, मामींना सांगा मी रविवारी येते."

रविवारी मी येणार हे मामींना आधीच माहीत होतं. मामांनाही होतं.

त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं एकदा मालकांकडे पाहिलं होतं. मग पिशवी खांद्यावरून उतरवली, खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला, आणि परत ठोकळ्यावर जाऊन बसले. बस आली, थांबली आणि गेली. आत अमरावती गुडघ्यावर होता. त्याने मान वर केली, मामा अजून आहेत असं पाहिलं, आणि परत खाली टॉर्च मारला. थोड्या वेळाने मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि खिसा चाचपला.

या वेळी मी बोलले नाही.